दूरस्थ दंतनिरीक्षणाचे मोबाईल-जोडसाधन आणि पेटंटचा दावा : एक चिकित्सा

सारांश

मोबाईलच्या कॅमेऱ्यास एक लहानसे साधन जोडून रुग्णाने घरीच आपल्या दातांची छायाचित्रे घ्यावीत आणि दंतवैद्याने ती दुरून तपासावीत, ही पद्धती गेल्या दशकभरात रूढ होत आली आहे. अशा साधनांवर मागितल्या जाणाऱ्या पेटंटांची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. या पेटंटांमध्ये ज्या गोष्टीचे खरे मोल आहे ती आणि कायदा ज्या गोष्टीला संरक्षण देऊ शकतो ती, या दोन्ही वेगळ्या असल्याने सगळा भार प्लास्टिकच्या जोडसाधनावर येतो, असे येथे प्रतिपादन केले आहे. नवी मुंबईतील दंतमहाविद्यालये आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांचा पेटंटविषयक उत्साह या संदर्भात या प्रतिपादनाचा विचार केला आहे.

बीजशब्द : पेटंट, दावा, मोबाईल-जोडसाधन, दूरस्थ दंतनिरीक्षण, मुखकर्करोग, कल्पकता, सार्वजनिक हित.

१. प्रस्तावना

पेटंट हा तांत्रिक व कायदेशीर दस्तऐवज असल्याने तो अभियंत्याने लिहावा, वकिलाने तपासावा आणि परीक्षकाने निकाली काढावा, अशी आपल्याकडील समजूत आहे. त्यामुळे पेटंटकडे एक मजकूर म्हणून पाहण्याची, त्यातील शब्द काय देऊ करतात आणि काय मागतात याची चिकित्सा करण्याची प्रथा आपल्या विद्यापीठीय लेखनात फारशी रुजलेली नाही. वस्तुतः पेटंटमधील 'दावा' हा अत्यंत जाणीवपूर्वक रचलेला मजकूर असतो. त्यातील प्रत्येक शब्द समाजाच्या सामायिक ज्ञानातून काही भाग वीस वर्षांसाठी कुंपणाआड नेतो. त्या बदल्यात समाजाला काय मिळाले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार केवळ तज्ज्ञांचा नाही.

दंतनिरीक्षणाच्या मोबाईल-जोडसाधनांचा विषय या चिकित्सेसाठी विशेष सोयीचा आहे. साधन दिसायला साधे आहे, त्याचा उपयोग सामान्य माणसाला कळतो आणि त्यामागील आर्थिक हितसंबंध मोठे आहेत. शिवाय नवी मुंबईच्या दृष्टीने हा विषय परका नाही. नेरुळ येथील डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठाचे दंतमहाविद्यालय व तेरणा दंतमहाविद्यालय, खारघरचे वाय. एम. टी. दंतमहाविद्यालय, कामोठ्याचे एम. जी. एम. दंतमहाविद्यालय आणि बेलापूरचे भारती विद्यापीठाचे दंतमहाविद्यालय अशी पाच महाविद्यालये या एकाच शहरपट्ट्यात आहेत. खारघरलाच टाटा मेमोरियल सेंटरचे 'ॲक्ट्रेक' हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. दात आणि मुख यांविषयीचे एवढे ज्ञान एकत्र असलेली जागा महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

२. साधनाचे स्वरूप : धारक आणि दृष्टी

मुखाच्या आतील छायाचित्र घेणे वाटते तितके सोपे नाही. आत अंधार असतो. ओठ आणि गाल आड येतात. श्वासाच्या वाफेने भिंग धूसर होते. लाळेवरून प्रकाश परावर्तित होऊन पांढरे ठिपके उमटतात. मोबाईलचा दिवा भिंगाच्या बाजूला असल्याने दाढांवर सावली पडते. या सर्वांहून मोठी अडचण तुलनेची आहे. निरीक्षण म्हणजे आजच्या स्थितीची मागील स्थितीशी तुलना. रुग्णाने दर वेळी वेगळ्या अंतरावरून व वेगळ्या कोनातून छायाचित्र घेतले, तर दात हलला की हात हलला, हे सांगता येत नाही.

या अडचणींवर आजवर दोन प्रकारांची उत्तरे शोधली गेली. पहिल्या प्रकाराचे प्रातिनिधिक उदाहरण म्हणजे २०१४ मध्ये पॅरिस येथे स्थापन झालेल्या 'डेंटल मॉनिटरिंग' या कंपनीचे 'स्कॅनबॉक्स'. यात गाल बाजूला धरणारी नळी आणि मोबाईल बसवावयाची पेटी एकमेकांस जोडलेली असते. रुग्ण नळी तोंडात धरतो आणि डोके फिरवत छायाचित्रे घेतो. पुढील काम संगणकप्रणाली करते. उपचाराच्या आरंभी तयार केलेल्या दातांच्या त्रिमितीय प्रतिकृतीशी ही छायाचित्रे ताडून, कॅमेरा नेमका कोठे होता याचा अंदाज गणिताने बांधला जातो आणि मग दात किती सरकले हे काढले जाते. म्हणजे अंतर व कोन यांची अडचण पेटीने नव्हे, तर प्रामुख्याने गणिताने सोडविलेली आहे. पेटी ही धारक आहे.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण ॲरिझोना विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाची अर्व्हाइन शाखा येथील संशोधकांनी भारतीय संस्थांच्या सहकार्याने विकसित केलेल्या साधनात मिळते. त्याचा शोधनिबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बंगळुरूच्या मजूमदार शॉ कर्करोग केंद्रासह भारतातील रुग्णालयांत त्याची चाचणी झाली. यात मोबाईलला जोडलेली शलाका तोंडात जाते, पांढऱ्या प्रकाशाबरोबरच जांभळा प्रकाश टाकते आणि ऊतींतून परत येणारे स्वयंदीपन गाळणीतून टिपते. निरोगी व संशयास्पद ऊती या प्रकाशात वेगळ्या दिसू शकतात. येथे जोडसाधन मोबाईलला जे दिसत नाही ते दाखविते. त्याने दृष्टीत भर घातलेली आहे.

धारक आणि दृष्टी हा भेद प्रस्तुत चिकित्सेचा पाया आहे. बाजारात दोन्ही 'स्मार्ट' या एकाच विशेषणाने विकली जातात. पेटंटच्या दाव्यातही दोहोंची भाषा सारखीच असते. तथापि ज्ञानात भर घालण्याच्या दृष्टीने त्यांची योग्यता समान नाही.

३. दाव्याची भाषा

पेटंटचा दावा वाचताना एक विरोधाभास जाणवतो. विवरणात साधनाचे वर्णन शक्य तितके तपशीलवार असते, तर दाव्यात तेच साधन शक्य तितके अमूर्त होते. पेटीची 'आधार-रचना' होते, मोबाईलचे 'प्रतिमा-ग्रहण साधन' होते, गाल धरणाऱ्या नळीचे 'मुखाशी संलग्न होणारे अंग' होते. याचे कारण उघड आहे. शब्द जितका व्यापक, तितका हक्क व्यापक. उद्या कोणी मोबाईलऐवजी दुसरा कॅमेरा वापरला, तरी तो कुंपणाच्या आतच सापडावा, ही त्यामागील अपेक्षा.

परंतु व्यापकतेची किंमत असते. शब्द जितका व्यापक, तितके पूर्वज्ञान त्यात शिरते. गाल बाजूला धरणारे साधन दंतवैद्याच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुखांतर्गत कॅमेरे १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहेत. कॅमेऱ्याला आधार देणारी चौकट तर छायाचित्रणाइतकीच जुनी. तेव्हा अमूर्त भाषेत लिहिलेला दावा वाचताना विचारावयाचा पहिला प्रश्न असा की, ही भाषा उलगडून तिच्या जागी रोजचे शब्द ठेवल्यावर नवे असे काय उरते?

याच भाषेतील दुसरी खुबी 'निरीक्षण' या शब्दाच्या निवडीत आहे. हे साधन रोगाचे निदान करते, असे दाव्यात सहसा म्हटले जात नाही. ते निरीक्षण करते, साहाय्य करते, सूचना देते. जाहिरातीत मात्र तेच साधन दंतवैद्याचा डोळा ठरते. हा सौम्य शब्द कायद्याच्या एका विशिष्ट कलमाकडे पाहून निवडलेला असतो, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

४. भारतीय कायद्याच्या कसोट्या

भारतीय पेटंट कायदा, १९७० याच्या चार तरतुदी या संदर्भात महत्त्वाच्या आहेत. कलम ३(आय) नुसार मानवावरील उपचाराच्या व निदानाच्या प्रक्रिया पेटंटयोग्य नाहीत. कलम ३(के) नुसार निव्वळ संगणक-आज्ञावली आणि गणिती पद्धती पेटंटयोग्य नाहीत. कलम ३(एफ) नुसार ज्ञात साधनांची, प्रत्येक भाग स्वतंत्रपणे आपापले काम करीत असताना केलेली केवळ मांडणी वा फेरमांडणी हा शोध नव्हे. आणि कलम २(१)(जेए) नुसार शोधात तांत्रिक प्रगती वा आर्थिक महत्त्व असावे व तो त्या विषयातील जाणकारास सहज सुचण्यासारखा नसावा.

या तरतुदी एकत्र वाचल्या की दूरस्थ दंतनिरीक्षणाच्या पेटंटची गोची लक्षात येते. या व्यवस्थेचे मोल तीन गोष्टींत आहे : छायाचित्रांवरून दातांची स्थिती ओळखण्याची पद्धती, ती राबविणारी प्रणाली आणि त्यासाठी जमविलेला छायाचित्रांचा साठा. पद्धती कलम ३(आय)च्या छायेत येते. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये चायनीज युनिव्हर्सिटी ऑफ हाँगकाँगच्या प्रकरणात, निदानाचा अर्थ केवळ शरीरावर प्रत्यक्ष केलेल्या तपासणीपुरता मर्यादित नाही, असे म्हटले. मात्र त्याच वेळी जी प्रक्रिया स्वतः रोगस्थिती उघड करीत नाही ती या कलमात येत नाही, असाही मार्ग मोकळा ठेवला. 'निरीक्षण' हा शब्द याच मार्गाने चालू पाहतो. प्रणाली कलम ३(के)च्या कक्षेत येते. दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या फरीद अलानी निकालानुसार तांत्रिक परिणाम दाखविल्यास तिला वाट मिळू शकते, पण ती सहज मिळत नाही. छायाचित्रांचा साठा तर पेटंटचा विषयच नव्हे.

मग उरते काय? उरते ते जोडसाधन. ते प्रक्रिया नाही, आज्ञावली नाही. हातात धरता येईल अशी वस्तू आहे. म्हणून दावा त्याच्याभोवती रचला जातो आणि पद्धती व प्रणाली 'सदर साधनासह' अशा शब्दांनी त्याच्या आधाराने उभ्या केल्या जातात. प्लास्टिकच्या पेटीला पेटंटचा भार वाहावा लागतो तो यामुळे.

ही पेटी तो भार पेलू शकते काय, हे ठरविण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७८ चा बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा निकाल आजही मार्गदर्शक आहे. योगायोग असा की, तो वादही एका धारकाविषयीच होता. मिर्झापूरच्या भांड्यांच्या धंद्यात भांडे यंत्रावर फिरवून घासताना ते घट्ट धरून ठेवण्याच्या युक्तीवर पेटंट घेतले गेले होते. न्यायालयाने ते टिकू दिले नाही. ज्ञात साधनात कारागिराने कामाच्या ओघात केलेली सुधारणा म्हणजे शोध नव्हे. जुन्या गोष्टी एकत्र आणल्या तर त्यांच्या संयोगातून काही नवा वा अधिक चांगला परिणाम निघाला पाहिजे, असे सूत्र त्या निकालातून मिळते.

हे सूत्र लावले तर केवळ गाल धरणारी नळी आणि मोबाईलची पेटी यांची जोडणी भारतात कठीण परीक्षेला सामोरी जाईल. नळीशिवाय पेटी आणि पेटीशिवाय नळी आपापले जुनेच काम करीत असतील, तर कलम ३(एफ) आड येते. याउलट लाळेवरील परावर्तन मारण्यासाठी ध्रुवीकरणाच्या गाळण्यांची विशिष्ट रचना, रुग्णाच्या श्वासाची दिशा वळवून भिंग स्वच्छ ठेवणारी वाट, किंवा प्रत्येक छायाचित्रात आपोआप उमटणारे माप व रंगाचे प्रमाण, ज्यामुळे दोन छायाचित्रे खरोखर तुलनीय होतील, अशा गोष्टींत संयोगाचा परिणाम दाखविता येतो. दृष्टी वाढविणाऱ्या साधनाला कायद्यातही अधिक जागा आहे, हे येथे नोंदविले पाहिजे.

५. अमेरिकेतील एक निकाल

प्रणालीवरील हक्काचे काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत मिळते. डेंटल मॉनिटरिंगने २०२२ मध्ये अलाइन टेक्नॉलॉजी या पारदर्शक अलाइनरच्या बलाढ्य उत्पादकाविरुद्ध कॅलिफोर्नियातील संघीय जिल्हा न्यायालयात पेटंटभंगाचा दावा लावला. दातांच्या छायाचित्रांचे प्रशिक्षित संगणकीय जाळ्याद्वारे विश्लेषण करण्यासंबंधीचे हे हक्क होते. २०२४ मध्ये त्या न्यायालयाने ते अमूर्त कल्पनेवरील ठरवून अपात्र मानले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या ॲलिस निकालाची ही परंपरा आहे.

या निकालाचा बोध असा की, दंतवैद्य डोळ्यांनी जे पाहतो ते संगणकाला पाहावयास लावले, एवढ्याने शोध सिद्ध होत नाही. संगणक ते कसे पाहतो, यातील नवे तंत्र सांगावे लागते. आणि ते सांगण्याची या क्षेत्रातील कंपन्यांची तयारी सहसा नसते, कारण स्पर्धेतील त्यांचे बळ न सांगितलेल्या भागातच असते. पेटंटचा मूळ करार हा प्रकटीकरणाचा आहे : ज्ञान उघड करा, मुदतीचा हक्क घ्या. आपल्या कायद्याच्या कलम १० नुसार अर्जदाराने त्याला ज्ञात असलेली सर्वोत्तम पद्धती उघड करणे बंधनकारक आहे. पेटीचे चित्र उघड करून गणित व साठा झाकून ठेवणे हे या कराराचे अक्षरशः पालन असेल; त्याचा हेतू मात्र त्यात साधला जात नाही.

६. गरज कोणाची?

येथवरची चर्चा दात सरळ करण्याच्या उपचारांभोवती फिरली, कारण पैसा तेथे आहे. मुंबईतही २०१८ पासून 'टूथसी'सारख्या उद्योगाने घरपोच अलाइनरची बाजारपेठ उभी केली. दर महिन्याची खेप वाचावी, ही शहरी मध्यमवर्गीय रुग्णाची गरज खोटी नाही. वाशी-पनवेल पट्ट्यातील नोकरदार पालकांना ती चांगली ठाऊक आहे.

परंतु याच महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत उरण, पेण, कर्जत येथून येणारा रुग्ण वेगळा असतो. जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाल्याने त्याची खेप थोडी सुकर झाली. तरी बुडालेली मजुरी भरून निघत नाही. दुसऱ्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार (२०१६-१७) महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरतात आणि त्यांत मोठा वाटा चघळण्याच्या तंबाखूचा आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असूनही तोंडात न भरणारी जखम घेऊन उशिरा येणारा रुग्ण हे आपल्याकडील नित्याचे दृश्य आहे. दूरस्थ निरीक्षणाची खरी निकड येथे आहे.

या संदर्भात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील मुखकर्करोग तपासणीचा प्रयोग विसरता येणार नाही. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी साध्या प्रकाशात, डोळ्यांनी लोकांची तोंडे तपासली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. सर्व लोकसंख्या धरता मात्र फरक निर्णायक ठरला नाही. या प्रयोगात पेटंटयोग्य असे काहीही नव्हते. त्यात होते प्रशिक्षण, घरोघरची भेट आणि संशयित रुग्णाला पुढे पाठविण्याची व्यवस्था.

यावर असा आक्षेप घेता येईल की, प्रशिक्षित डोळे सर्वत्र मिळत नाहीत आणि म्हणूनच साधन हवे. आक्षेप रास्त आहे. आशा कार्यकर्तीने घेतलेले छायाचित्र नेरुळच्या वा खारघरच्या तज्ज्ञाने त्याच दिवशी पाहिले, तर पुष्कळ साधेल. पण मग साधनाची कसोटी बदलते. ते विजेरी आणि प्रशिक्षित डोळ्यांपेक्षा किती अधिक दाखविते, तंबाखूने डागाळलेल्या दातांवर व हिरड्यांवर त्याची प्रणाली चालते काय, आणि छायाचित्र पाहिल्यानंतर रुग्णाला कोण कोठे नेणार, हे प्रश्न प्रथम येतात. ज्या साठ्यावर प्रणाली शिकली त्यात असे रुग्ण नसतील, तर तिचा निर्णय आपल्या रुग्णास लागू पडेलच असे नाही. आणि आपल्या बाह्यरुग्ण विभागांतील छायाचित्रे त्या साठ्यात घातली जाणार असतील, तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या आशयाप्रमाणे रुग्णाची जाणती संमती घेतली पाहिजे. केसपेपरवरील एका सहीत ती उरकू नये.

७. महाविद्यालय आणि पेटंटचा गुण

या विषयाचा आपल्याशी, म्हणजे महाविद्यालयीन शिक्षकांशी, थेट संबंध येथे येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधन-गुणांच्या तक्त्यात आंतरराष्ट्रीय पेटंटला १० व राष्ट्रीय पेटंटला ७ गुण ठेवले गेले. २०२१ पासून शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क ८,००० रुपयांऐवजी १,६०० रुपये झाले. २०२३-२४ या वर्षात भारतात एक लाखाहून अधिक पेटंटे मंजूर झाली. हे वातावरण स्वागतार्ह आहे, पण त्यातून काही गैरसमज दृढ झाले आहेत.

पहिला गैरसमज प्रसिद्धी आणि मंजुरी यांविषयीचा. अर्ज सामान्यतः १८ महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात प्रसिद्ध होतो, आणि विनंती केल्यास त्याआधीही. ही प्रसिद्धी परीक्षणापूर्वीची असते. तिच्यावरून शोधाची योग्यता सिद्ध होत नाही. तरी 'पेटंट प्रसिद्ध' हे शब्द कार्यवृत्तांत सर्रास मंजुरीच्या थाटात वापरले जातात. दुसरा गैरसमज डिझाइनविषयी. डिझाइन नोंदणी बाह्य आकाराला संरक्षण देते, कार्याला नव्हे. युनायटेड किंगडममध्ये तर ती नावीन्याच्या परीक्षणाशिवाय होते. मोबाईलच्या पेटीचा आकार तेथे नोंदवून त्यास आंतरराष्ट्रीय पेटंट म्हणणे ही विद्याक्षेत्राची फसवणूक आहे.

तिसरा मुद्दा अधिक हानीचा आहे, कारण त्यात खरा शोध बळी पडू शकतो. 'आविष्कार'सारख्या संशोधन महोत्सवात विद्यार्थी आपले साधन मांडतात, परिषदेत निबंध वाचतात आणि नंतर पेटंटचा विचार करतात. कलम ३१ ची १२ महिन्यांची सवलत केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांपुरती व विद्वत्सभेपुढील निबंधवाचनापुरती आहे. ती प्रत्येक स्पर्धेला लागू नाही. तेव्हा आधी तात्पुरते विवरणपत्र दाखल करावे, पुढील १२ महिन्यांत संपूर्ण विवरण द्यावे आणि मग साधन जगापुढे मांडावे, हा क्रम विद्यार्थ्यांना शिकविणे हे मार्गदर्शकाचे कर्तव्य आहे.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) दूरस्थ दंतनिरीक्षणाच्या पेटंटांत मोल प्रणालीचे व साठ्याचे असते, परंतु हक्क पेटीच्या आधाराने मागितला जातो. दाव्याची अमूर्त भाषा ही तफावत झाकते.

(२) केवळ धरणारे साधन आणि दृष्टी वाढविणारे साधन यांत भेद करणे आवश्यक आहे. भारतीय कायद्यात या भेदाला पुरेसा आधार आहे. परीक्षकांनी व महाविद्यालयीन समित्यांनीही तो वापरावा.

(३) पेटंट हे सार्वजनिक हिताशी बांधलेले असते. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातूनच नेक्सावार या कर्करोगाच्या औषधावर देशातील पहिला सक्तीचा परवाना दिला गेला आणि महिन्याच्या उपचाराची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपयांवरून ८,८८० रुपयांवर आली. मुखतपासणीच्या साधनांबाबतही हे तत्त्व विसरता येणार नाही.

(४) सार्वजनिक निधीतून वा रुग्णांच्या छायाचित्रांवर उभ्या राहिलेल्या साधनांसाठी महाविद्यालयांनी आपले धोरण अर्ज करण्यापूर्वीच लिहून ठेवावे. शासकीय रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे यांना वापराचा विनाशुल्क परवाना, ही त्यातील किमान अट असावी.

नवी मुंबईतील पाच दंतमहाविद्यालये आणि कर्करोग संशोधन केंद्र यांनी मिळून मुखछायाचित्रणाची एक सामायिक, उघड प्रमाणपद्धती ठरविली, म्हणजे प्रकाश किती, अंतर किती, कोणत्या बाजूंची किती छायाचित्रे, माप कसे नोंदवावे, तर तिच्यावर कोणाचेही पेटंट नसेल आणि तिच्यासाठी कोणालाही गुण मिळणार नाहीत. तथापि एकदा प्रसिद्ध झाल्यावर ती पूर्वज्ञान ठरेल, आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येक जोडसाधनाला या पद्धतीहून आपण अधिक काय करतो, हे सिद्ध करावे लागेल. उरणच्या वा कर्जतच्या रुग्णाला त्याचा उपयोग कोणत्याही एका पेटंटपेक्षा अधिक होईल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.